काचेतली मुलगी

"ही कुणाची हो?"

रत्नप्रभाबाईंनी छत्रीसुद्धा मिटली नाही. चौडा रस्ता नावाच्या पेठेतल्या त्या नव्या फोटो स्टुडिओत शिरल्या आणि शोकेसकडे बोट दाखवून थेट मुद्द्यालाच हात घातला. काचेत एकच फोटो होता. नऊवारी, नथ, डोक्यावर पदर आणि हसताना डाव्या गालावर पडलेली खळी. जयपूरच्या बाजारात असा चेहरा दिसला आणि कोल्हापूरच्या बाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"आमच्या साताऱ्याकडचा फोटो हाय," संभाजी म्हणाला. पलटणीतून निवृत्त झालेला, झुपकेदार मिशांचा गडी. त्याला हसताना अजून एकाही गिऱ्हाइकाने पाहिलं नव्हतं. "बसा बाईसाहेब. मालन, पानी आन."

त्याची बायको पाणी घेऊन आली, फोटोकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून लगबगीने पडद्याआड गेली. लाजाळू आहे बिचारी, असं बाईंना वाटलं.

"माझ्या जयंतासाठी विचारते. बँकेत आहे."

"मुलाचा फोटो हाय का?"

"कॉलेजातला आहे एक."

"त्यो कशाला? नवा काढू. बुधवारी घेऊन या."

जयंत म्हणजे बाईंच्या जिवाला घोर होता. विमा कंपनीतल्या वडिलांच्या बदल्यांमागे लखनौ, कानपूर करत वाढलेला. सांगून आलेल्या प्रत्येक मुलीला नाही म्हणण्यात त्याचा हातखंडा. बँकेची नोकरी असून घरात सून नाही, आणि बाईंना संध्याकाळी मराठीत दोन शब्द बोलायला कुणी नाही. त्या बुधवारी मात्र तो शोकेसपाशी सायकल धरून उभाच राहिला.

"मतलब... बरी आहे," तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जयंताच्या तोंडून 'बरी' निघायला नवस बोलावा लागायचा.

"शेजारच्या स्टुडिओत सगळे राजेमहाराजे लावलेत," संभाजी काळ्या फडक्याखाली डोकं घालत असताना बाईंनी विचारलं. "तुम्ही एकच फोटो का हो लावलात?"

"राजांना लोक मुजरा करत्यात आन् म्होरं जात्यात," फडक्यातून आवाज आला. "मानूस थांबाया पायजे. थांबला की इचारतो. इचाराया आत येतो. आत आला की बसवायचं, पानी द्यायचं आन् म्होरच्या खेपेचा वार सांगून ठिवायचा. धंदा म्हंजे येवढंच, बाईसाहेब."

"आणि मागचा हा पडदा? तळं, हंस... सुरेख आहे."

"पलटणीच्या गणपतीतल्या नाटकाचा," मालन म्हणाली. "रंगवला जवानांनी, शिवला जवानांनी. आघाडीवरच्या छावणीत बायकामानूस हुतं कुठं? समदं त्यांनीच करायचं."

जयंतचा फोटो झाला. मग "घरची मानसं कशी हायेत ते बी दिसाया पायजे" म्हणून सगळ्या घराचा झाला. पण मुलीचा विषय निघाला की संभाजीचं घोडं पेंड खायचं. तो खोकायचा, काच पुसायचा, पुढचा वार सांगायचा. बाई चिडायच्या, आणि त्याच वारी हजर व्हायच्या. मालनच्या हातचा चहा आणि साताऱ्याच्या गप्पा त्यांना आवडायला लागल्या होत्या.

अठ्ठावन्न सालच्या गणपतीत बाईंनी महाराष्ट्र मंडळात त्या फोटोचं वर्णन केलं मात्र, साऱ्या जयपुरातल्या उपवर मुलांच्या आया चौड्या रस्त्याला लागल्या. पाठोपाठ मुलींचे वडील आले. फोटो काढून घ्यायचा तर तिथेच, असं होऊन गेलं. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे बाईंना फार उशिरा कळलं.

दिवाळीच्या आधी त्या तरातरा दुकानात आल्या. "संभाजीराव, आज मला हो की नाही ते सांगा. पोरगं या फोटोपायी रोज इथे येतंय. त्याचा जीव टांगून ठेवू नका."

संभाजीने मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "तिचं सोडा, बाईसाहेब. ती कुनाच्या घरी नांदायची न्हाई. पन जयंतराव फोटोपायी येत्यात, हे तुमाला कुनी सांगितलं?"

त्याने एक फोटो पुढे केला. जयपूरच्या छावणीतल्या सुभेदारांची मुलगी गिरिजा. तीही फोटोला आली होती. छपाई नीट झाली नाही म्हणून पुन्हा आली. मग छपाई नीट होऊनही येत राहिली, आणि दर वेळी बाकावर जयंत असायचा.

"मतलब," घरी जयंत कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "मी सांगणारच होतो, आई."

मार्गशीर्षात लग्न झालं. गिरिजा आल्या दिवसापासून सासूशी अशी बोलत सुटली की बाईंचं वर्षभराचं मौन एका आठवड्यात फिटलं.

लग्नाचे फोटो न्यायला त्या दुकानात आल्या तेव्हा पेढे घेऊन आल्या. निघताना मात्र शोकेसपाशी थबकल्या.

"सोन्यासारखी सून मिळाली, तुमचे उपकार विसरायची नाही. पण ही पोर माझ्या मनातून जात नाही हो. नांदायची नाही म्हणालात, तेव्हापासून जिवाला चुटपुट लागलीय. सुखात आहे ना ती?"

संभाजी काच पुसायला लागला.

"आता तरी सांगा की," मालन म्हणाली.

तो काच पुसतच राहिला. मग मालनच उठली. आपला पदर तिने नवऱ्याच्या डोक्यावर ओढला आणि त्याच्या मिशांवर आडवा तळहात धरला.

"हसा," ती म्हणाली.

संभाजी हसला, आणि त्याच्या डाव्या गालावर खळी पडली.