मिठाईच्या ताटाआधी

नफीसाने बसण्याआधी खुर्ची कागदी रुमालाने पुसली आणि रुमाल उजेडात धरून पाहिला. तो स्वच्छच निघाला. तरीही नाक मुरडायचं ते तिने मुरडलंच.

खलीलचं हे कबाबचं दुकान म्हणजे कशाचा कशाला मेळ नव्हता. दारावर काबूलचं नाव, आत भिंतीवर समुद्र आणि ऑलिव्हची झाडं. काबुली पुलावाच्या शेजारी अरबी हमस, अफगाणी मंतूच्या शेजारी फलाफल. प्लास्टिकचे ट्रे, पिचकारीच्या बाटलीत चटणी. हॅम्बुर्गमधले विद्यार्थी आणि टॅक्सीवाले इथे पोट भरायचे. अशा घरची मुलगी आपली सून?

तिच्या नवऱ्याने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. कुणाच्या तरी मयतीनंतरच्या फातेहाला गेला, तिथे खलील शेजारी बसला, आणि दोघांनी मुलामुलीचं ठरवूनच टाकलं. खलीलने शब्द दिला. येत्या रविवारी मुलीकडे जाऊन होकाराचं मिठाईचं ताट घ्यायचं होतं. ते एकदा हातात घेतलं की संपलं. मुलीच्या बापाला तर आपण दिलेला शब्द मुळीच फिरवता येत नाही. फिरवला तर चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. नकार द्यायचाच तर मुलाकडच्यांनी, तोही ताटाआधी.

म्हणून ती एसेनहून एकटीच मुलगी बघायला आली होती, कुणाला न सांगता. शुक्रवारी दुपारी खलील मशिदीत असतो याची चौकशी तिने आधीच दुकानात फोन करून, नाव न सांगता केली होती. त्याची बायको म्हणे घराबाहेर फारशी पडतच नाही.

"काय हवंय?" तिच्या डोक्याशी एक सावळी, उंच मुलगी उभी होती. ना सलाम, ना 'खाला जान' अशी आदराची हाक.

"चोपान कबाब. आणि चहा, वेलची घालून."

"वेलचीबिलची नाही. ट्रे तिकडे आहे, स्वतः घ्या."

नफीसाने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक बाई पुलाव खात होती. डोक्यावर जुना लोकरी रुमाल, मनगटावर भाजल्याचे काळपट डाग. कुणाच्या तरी घरी राबत असणार. ती हसली.

"बिस्मिल्ला करा, बहिणी, माझ्यातलं घ्या थोडं. तिची वाट बघाल तर उपाशी राहाल."

"नोश-ए-जान, तुम्हीच घ्या," नफीसा म्हणाली. अनोळखी ताटात हात घालणाऱ्यांतली ती नव्हती. "ही मुलगी कोण हो?"

"खलीलची मुर्सल. एकुलती एक. जीभ बघितलीत ना? कात्री परवडली."

नफीसाने खुर्ची जरा तिकडे सरकवली.

"तरी घरकाम येत असेल की."

"घरकाम?" बाईने घास खाली ठेवला. "भात लावायला सांगा, खीर करून ठेवील. तिला नर्स व्हायचंय. रात्रंदिवस पुस्तकात डोकं. म्हणते, शिकून झाल्याशिवाय लग्नाचं नावसुद्धा काढू नका."

"आमच्याकडे सुना परक्यांच्या जखमा पुसत नाहीत," नफीसा म्हणाली.

"चांगल्या घरात नाहीच पुसत. तुमच्याकडे बघूनच कळतं. काबूलच्या जुन्या घराण्यातल्या ना तुम्ही?"

नफीसाने अंगावरचा कोट नीट केला. "शहरनव मोहल्ल्यातल्या. माझ्या सासऱ्यांच्या बागेतच अशी दोन दुकानं मावली असती."

तेवढ्यात मुर्सलने ताट आणून आदळलं. चटणी टेबलावर सांडली. "फडकं तिथे आहे," असं म्हणून ती निघूनही गेली.

नफीसाने मांसाचा तुकडा तोंडात टाकला. तो विरघळला. असं मटण तिने काबूल सुटल्यापासून खाल्लं नव्हतं. क्षणभर डोळे मिटावेसे वाटले. पण डोळे मिटले तर मान कशी ताठ राहणार?

"कसं आहे?" बाईने विचारलं.

"चामडं," नफीसा म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.

"कालचं असणार. आणि ऐका, कुणाला सांगू नका, पण जो कोणी हिला सून करून नेईल ना, त्याच्या घरात महिन्याभरात दोन चुली होतील. मुलगा आईला विसरेल."

हे मात्र नफीसाच्या काळजाला लागलं. तिचा इदरीस अजून तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. तिने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला.

"खलीलला आजच निरोप पाठवा. रविवारी येत नाही म्हणावं. कारण काहीही सांगा. आमच्या मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही, असं सांगा. नाही, मी ऐकणार नाही! तुम्ही पाठवता की मी करू फोन?"

पलीकडून थोडी कुरकुर ऐकू आली, मग "बरं." नफीसाने फोन पर्समध्ये टाकला. शेजारची बाई तोवर मान खाली घालून पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"वाचलात, बहिणी," ती हळूच म्हणाली.

"तुमच्यामुळे," नफीसा म्हणाली. अशा बाईचे आभार मानावे लागले याचं तिला जरा वाईटच वाटलं. ताट मात्र तिने निपटून खाल्लं होतं. गल्ल्यावर पैसे ठेवून, मुर्सलकडे ढुंकूनही न बघता ती दाराबाहेर पडली आणि हातमोजे चढवायला पायरीवर थांबली.

दार हळूहळू मिटणाऱ्या जातीचं होतं. त्याच्या फटीतून मुर्सलचा आवाज आला. मघाचा नव्हे, रडवेला, लहान मुलीसारखा.

"नाही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाळ. सुटलीस," पुलाववाल्या बाईचा आवाज आला. "ये, आता आईच्या ताटात जेव."