दंडावर भागेना

सिग्नल तोडला म्हणून पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. "काका, दंड भरा आणि निघा."

शेजारी बसलेली मुलगी वैतागून म्हणाली, "साहेब, दंडाने यांना काही फरक पडत नाही. लायसन्सच काढून घ्या."

"ताई, लोक सोडा म्हणून गळ घालतात. तुमचं भलतंच."

"वर्षभर डोकं फोडतेय मी. ऐकतच नाहीत."

"पोटच्या पोरीने भर चौकात अब्रू काढली," वडील धुसफुसले. "द्या ती पावती."

पोलिसाने पावती पुढे धरली. वडिलांचा हात पावतीपासून वीतभर लांब, हवेतच चाचपडत राहिला.

पोलिसाने वाकून गाडीची किल्ली काढली आणि मुलीच्या हातात दिली.

"काका, जरा पलीकडे बसता का?"