जावेच्या प्रिंटरपेक्षा मोठा

“आमच्या जावंकडं हाय, त्याच्याहून मोठा दाखवा,” हेमलता म्हणाली.

बावधनच्या दुकानातला माणूस हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. जाऊबाईंचा प्रिंटर कोणता, असं त्यानं विचारलं. ते हेमलताला कुठं ठाऊक होतं. काळा आहे, आणि रविवारी दुपारची जेवणं झाली की वाजतो, एवढं तिनं सांगितलं. तिचा मुलगा दिग्विजय शेजारून हळूच सरकला आणि कपाटातले हेडफोन बघायला लागला.

वाजतो हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. भुकूमच्या घराची वाटणी झाली तेव्हा दोघी जावांच्या मधे एक भिंत आली. पुढं जमीन विकून दोन्हीकडं मजले चढले, पण भिंत तीच राहिली. पलीकडं थोरल्या जावेनं, गोजराबाईनं, प्रिंटर चालू केला की आधी खडखड आणि मग सरसर असा आवाज हेमलताच्या मोरीपर्यंत यायचा. गोजराबाईचा सौरभ कॅनडात. सुट्टीला आला तेव्हा त्यानंच तो बसवून दिला होता, नातीचे, किमयाचे फोटो फोनवर आले की आईला घरीच कागदावर काढता यावेत म्हणून. त्या सरसर आवाजाबरोबर हेमलताच्या डोळ्यांपुढं दर आठवड्याला एक नवी किमया उभी राहायची. बर्फातली किमया, सायकलवरची किमया, गोऱ्या बाईच्या कडेवरची किमया. हातातलं पातेलं घासता घासता तसंच राहून जायचं. इकडं स्वतःचा नातू इंद्रजित दिवसभर अंगाखांद्यावर नाचत होता, त्याचा एक फोटो भिंतीला असेल तर शपथ.

दुकानदारानं समजावून सांगितलं. चार शायांचा प्रिंटर नेहमीच्या कामाला, सहा शायांचा खास फोटोंसाठी; त्यात चेहऱ्याचा रंग खरा उतरतो. शिवाय असा प्रिंटर नुसता ठेवून द्यायचा नाही. आठवड्याला एखादा तरी रंगीत फोटो काढायचा, नाहीतर शाई आत वाळून बसते. हेमलताला ती शिक्षा वाटली नाही. ती दोन काढणार होती. पण जावेकडंही सहाच शायांचा निघाला तर नुसतीच बरोबरी व्हायची, म्हणून खरेदी दुसऱ्या दिवसावर गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुकानात पोचलो की फोन करतो, तोवर चार का सहा ते बघून ठेव, असं सांगून दिग्विजय निघाला. पलीकडं खडखड सुरू झाली तशी हेमलता पदर खोचून जावेच्या दारात हजर झाली.

खिडकीशी टेबलावर प्रिंटर होता आणि त्यातून फोटो बाहेर सरकत होता. पिवळ्या फ्रॉकमधली किमया, हातात सूर्यफूल. गोड दिसते, असं हेमलता म्हणाली आणि ते म्हणताना तिचे दात दुखले. गोजराबाईनं फोटो दोन्ही हातांनी उचलला, त्यावर उगीच फुंकर घातली आणि खण उघडून आतल्या गठ्ठ्यावर ठेवला. एवढा मोठा गठ्ठा. हेमलताला राहवलं नाही. बघू तरी आमची नात, म्हणत तिनं तो उचललाच.

पिवळा फ्रॉक. त्याखाली पिवळा फ्रॉक. त्याच्याही खाली तोच फ्रॉक, तेच सूर्यफूल.

गोजराबाई खुर्चीवर टेकली. सून पोरीला घेऊन वेगळी झाली होती, दसऱ्याच्या आधीच. सौरभलाच पोर दिसेना, तर तो कसले फोटो पाठवणार. गावात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हे सगळं ती खिडकीबाहेर बघत बोलली.

“मग हे कशापायी, आक्का?” हेमलतानं विचारलं.

“मिशीन बंद ठिवली तर शाई वाळती म्हनं,” गोजराबाई म्हणाली. “उद्या फोटू आलाच पोरीचा, तर काढायचा कशावर?”

हेमलतानं गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या आणि तो होता तसा खणात ठेवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिग्विजय दुकानात पोचला होता.

“नगं घेऊस,” ती म्हणाली. “आपल्यात कुटं जागा हाय ठिवायला? आपल्या इंद्रजितचं फोटू आता दर रविवारी हितंच काढू, आक्काच्या मिशनीवर.”

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं दिग्विजय मोठ्यानं सांगत राहिला. हेमलतानं फोन कानाशी आणखी घट्ट दाबला, आक्काला ऐकू जाऊ नये म्हणून.