वसतं घर

"सुनंदा, जेवलीस का?" भिंतीतून अप्पांचा आवाज आला.

अप्पा जाऊन वर्ष झालं होतं. वारसाहक्काचा निकाल लागेपर्यंत चिपळूणचं घर सांभाळायची जबाबदारी त्यांच्या मुलीवर, सुनंदावर होती. रिकाम्या घराला पुराचा विमा मिळत नसे. मात्र मृत माणसाच्या आवाजात बोलणारं यंत्र घरात चालू ठेवलं आणि घरच्या कुणीतरी त्याच्याशी रोज बोललं, तर विमा कंपनी ते घर वसतं धरायची. म्हणून सुनंदा पुण्याहून रोज फोन करून त्या आवाजाशी बोलायची. त्यामुळे तिला नीट रडताही आलं नव्हतं.

आज ती सामान घेऊनच आली होती. तिने कंपनीला फोन लावला.

"आवाज बंद केला तर?"

"विमा रद्द होईल, ताई."

"आणि मीच इथे राहायला आले तर?"

"मग आवाजाची गरज नाही."

सुनंदाने फोन ठेवला. "अप्पा, आता मी राहते इथे. तुम्ही दमला असाल."

"बरं. दार नीट लावून घे," अप्पा म्हणाले.

तिने बटण दाबलं. घर गप्प झालं, आणि सुनंदा जमिनीवर बसून मोठ्याने रडली.