आरोळी

ती व्यावसायिक टेनिस खेळायची, तेव्हा प्रत्येक फटक्यासरशी अशी आरोळी ठोकायची की शेवटच्या रांगेत पेंगणाराही दचकून उठायचा. समोरच्या खेळाडू तक्रारी करायच्या, पेपरवाले टिंगल करायचे. तिने कुणालाच भीक घातली नाही. शेवटी गुडघ्याने दगा दिला आणि ती एका क्लबात कोच म्हणून रुजू झाली.

पहिल्याच दिवशी सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघत बजावलं, "मॅडम, इथे चांगल्या घरच्या मुली येतात. माझी लेकही तुमच्याच बॅचला आहे. कोर्टवरून तुमची ती आरोळी ऐकू आली, तर आम्हाला दुसरा कोच बघावा लागेल."

नाकावर माशी बसू न देणारी ती चक्क हसली. "शब्द देते, सर. माझी आरोळी तुमच्या कानावर पडायची नाही."

घरी आईला हे खरंच वाटेना. "तू आणि तोंडाला कुलूप?"

"माझ्या तोंडाला, आई."

स्पर्धा जवळ आल्या, तशी एका सकाळी कोर्टवरून असा गलका उठला की सेक्रेटरी हातातला चहा सांडत धावत आले. बॅचमधली एकूण एक मुलगी फटक्यागणिक बेंबीच्या देठापासून ओरडत होती. ती मात्र बाकावर तोंड मिटून बसली होती.

"मॅडम! तुम्ही शब्द दिला होतात!"

"पाळलाय की, सर. यात माझी आरोळी कुठली? ती सगळ्यात खणखणीत आहे ना, ती तुमच्याच चांगल्या घरातली."