विटेमागची किल्ली

टाल्लिनला जहाजातून दोन तासांसाठी उतरणाऱ्यांना मी शहर दाखवतो, आणि मला त्यांचा मनापासून तिटकारा आहे. ऑस्ट्रेलियाचा ग्रेडन तर कहर होता. "सगळ्या गल्ल्या सारख्याच. ह्यात बघायचं काय?" असं तो प्रत्येक वळणावर नाक मुरडून म्हणायचा.

एका बंद घरापाशी तो थांबला. न बघताच त्याने भिंतीतली सैल वीट ओढली आणि मागची किल्ली काढली.

"आधी आला होतात?" मी विचारलं.

"मी? ह्या भंगारात?" म्हणत त्याने दार उघडलं.

घर वीस वर्षं रिकामं होतं. माडीवरून बाईचा आवाज आला, आमच्या एस्टोनियन भाषेत. "बूट काढून ये. आत्ताच जमीन पुसलीय."

ग्रेडनला आमच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. तो मुकाट्याने खाली वाकला आणि नाड्या सोडू लागला.