भाकर अजून गरम आहे

"हज्जा, तेवढं एक वाक्य आज गाळू या," दिग्दर्शक हाझिम विंगेत दबक्या आवाजात म्हणाला.

दौलत सबरीला वयामुळे सगळेच मानाने हज्जा म्हणत. ती डोक्यावरची काळी ओढणी सारखी करत होती. रंगमंचावर तुरुंगाचं फाटक उभं होतं, पुठ्ठ्याचं. पडद्यापलीकडे कैरोतली ईदची दुपार होती. म्हणजे अख्खी कुटुंबं, मांडीवर पोरं, आणि दातांखाली कटाकट फुटणाऱ्या कलिंगडाच्या बिया.

"गाळलंस तर लोक खुर्चीत बसून म्हणतील," ती म्हणाली. "आणि माझ्यापेक्षा बरं म्हणतील."

"पण हसतील हो. प्रवेश तिथेच मरेल."

"मरू दे. मला ते म्हणायचंय."

नाटकाचं नाव 'फाटकापाशी'. शेवटच्या प्रवेशात आई तुरुंगातल्या मुलासाठी घरून भाकर घेऊन येते. त्याला पहाटेच फाशी झालेली असते. फाटकावरच्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक तसं सांगतो. आई त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "भाकर अजून गरम आहे." चाळीस वर्षांपूर्वी दौलतने ते पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा दोन-तीन बायकांना धरून बाहेर न्यावं लागलं होतं.

पुढे ते वाक्य देशाने हातात घेतलं. एका विनोदी नटाने पोटाला उशी बांधून, मिशी तशीच ठेवून ती आई केली. ती दर रमझानला टीव्हीवर येऊ लागली. मग वाक्य मायक्रोबसच्या मागच्या काचेवर आलं. सामना हरलेल्या संघाला लोक ते ऐकवू लागले. तलाक देऊन परत आलेल्या नवऱ्यांना बायका ऐकवू लागल्या. स्थळं आणणाऱ्या बाया पस्तिशीच्या नवरीबद्दल तेच सांगू लागल्या. एअर कंडिशनरच्या जाहिरातीत ते कसं बसवलं हे कोणालाच कळलं नाही, पण बसवलं. दौलतचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्याच चेहऱ्याचं स्टिकर तिला पाठवलं. खाली तेच वाक्य. नवऱ्याच्या मातमाला तर तिच्या नणंदेने पाहुण्यांपुढे ताट सरकवताना सवयीने ते म्हटलं, आणि काळ्या कपड्यांतल्या सगळ्या बायका बाहीत तोंड खुपसून हलू लागल्या. दौलतही हसली, असं नणंद सांगते.

म्हणून नाटक पुन्हा करायला कोणी धजत नव्हतं. हाझिम धजला. दौलतने एकच अट घातली होती: मरायच्या आधी ते वाक्य एकदा खरं म्हणून बघायचंय.

पडदा सरकला. दौलत हळूहळू फाटकापर्यंत आली. तिसऱ्या रांगेत एकाने भाकर उंच धरली. मग मागे दुसऱ्याने. बघता बघता सगळीकडे भाकरी वर झाल्या. लोक घरून घेऊन आले होते. त्यांच्या मध्ये मोबाइल.

"त्याला संपवलंय, म्हातारे," पहारेकरी म्हणाला. "घरी जा."

"अम्मा, आता म्हणणार?" एका मुलीने विचारलं.

"गप. ऐक."

दौलतने वेळ घेतला. मग म्हणाली, "भाकर अजून गरम आहे."

फाटकावरचे दोघे पहारेकरी हसले, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. सगळं नाट्यगृह हसत होतं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. घरातलं माणूस टीव्हीवर दिसल्यावर हसावं, तसं ते हसणं होतं. बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "सोबत कांदा आणलायस का, हज्जा?" लोक मांड्यांवर थापा मारू लागले.

दौलतने पहारेकऱ्याकडे पाठ केली आणि ती लोकांकडे वळली. थांबली. घाई अजिबात नव्हती. हसणाऱ्यांना हळूहळू दिसायला लागलं की ती त्यांच्याकडेच बघते आहे, आणि रागावलेलीही नाही. नाटकात त्यापुढे अजून एक वाक्य होतं. ते कोणत्याच मायक्रोबसवर नव्हतं, जाहिरातीत नव्हतं, मिशीवाल्या आईच्या तोंडी नव्हतं. नकलेला हशा मिळाला की तिचं काम झालेलं असतं. ती पुढे कशाला जाईल.

"हसा, बाळांनो," दौलत म्हणाली. "तुमच्या आया अजून वाटेत आहेत."

बिया फुटायच्या थांबल्या. एवढ्या मोठ्या जागेत पंख्यांचा आवाज येऊ लागला. वर धरलेले हात एकेक करून खाली आले. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला आपल्या हातात काय आहे हे आत्ता कळलं असावं. रस्त्यावर पडलेली भाकर उचलल्यावर करतात तसं त्याने केलं: ओठांना लावली, मग कपाळाला. कांदा विचारणाऱ्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ते त्याला झेपलं नसतं.

पडदा पडला तरी कोणी टाळी वाजवेना. लोक नुसते उभे राहिले. नमाजाला उभे राहतात तसे, खांद्याला खांदा लावून, गुपचूप.

हाझिम ओल्या चेहऱ्याने तिच्यापाशी आला. "हज्जा, तो हशा ऐकला आणि मला वाटलं, गेलं नाटक."

दौलत ओढणीची टाचणी काढत होती.

"अरे राजा, तिथे हसायचंच असतं. तेव्हा नाटकातले ते दोघे पहारेकरी हसायचे, पण ते हसणं कच्चं. मला पुढचं वाक्य कधी धड म्हणताच आलं नाही." तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. "या लोकांची तालीम चाळीस वर्षं चालली होती."